जावई जी. एम. आहेत

पेणला गुणाजीशेटच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखणारी चार माणसं, आणि त्या चारांत सुरभी घरतचा हात सगळ्यांत स्थिर. डोळे आखताना बोलायचं नसतं, श्वाससुद्धा बेतानं सोडायचा असतो, आणि हसण्याचं तर नावच काढायचं नसतं. हे सगळं माहीत असूनही त्या सोमवारी शेजारच्या ठमाबाई नेमक्या डावी भुवई संपून डोळा सुरू होताना कारखान्याच्या दारात उभ्या राहिल्या आणि तिथूनच ओरडल्या, "गो सुरभी! जी. एम. नवरा गाठलास नि आमाला पत्ता नाय लागू दिलास!"

सुरभीनं कुंचला न हलवता विचारलं, "कोण जी. एम.?"

"तुझा रोह्याचा! जनरल मॅनेजर! तुझे बाबा सकाळपासून आपल्या सगळ्या रामवाडीला सांगत सुटलेत."

सुरभीच्या पोटातून जे हसू उसळलं ते तिला आवरेना. कुंचला सटकला आणि डोळ्याची रेघ थेट कानापर्यंत गेली. गुणाजीशेट धावत आले, मूर्तीकडे बघितलं आणि कपाळाला हात लावून म्हणाले, "अगो, बाप्पाला डोळा मारायला लावलास की!"

आता हसण्यासारखं काय होतं ते सांगायला हवं. सुरभीचे वडील दत्तात्रेय घरत सर यांनी चौतीस वर्षं पेणच्या पोरांना इंग्रजी शिकवलं. पेणमध्ये राहतो आणि पेननं लिहितो, ही दोन वाक्यं इंग्रजीत चूक न करता लिहून दाखवल्याशिवाय त्यांच्या वर्गातून कुणी सुटला नाही. रिटायर झाल्यावर वर्ग गेला पण छडी मनातून गेली नाही. ती आता मोबाइलवर चालायची. कुणी 'यू' हा शब्द एका अक्षरात लिहिला की सर तो मेसेज दुरुस्त करून परत पाठवायचे, खाली शेरा मारून. 'प्लीज'मधले स्वर खाणाऱ्याला त्यांनी एकदा विचारलं होतं, की बाबा रे, घरात जेवायला मिळत नाही का? नात्यातल्या लोकांनी त्यांना मेसेज पाठवणंच सोडलं होतं. फोन करायचे, तोही घाबरत घाबरत.

सुरभीनं एकदा धाडस केलं होतं. म्हणाली, "बाबा, दारावरच्या पाटीवर एम. ए., बी. एड. लिहिलंय, ते काय आहे? शॉर्टफॉर्मच ना?"

"ती पदवी आहे," सर म्हणाले. "पदवी आधी पूर्ण कमवावी लागते, मग आखूड करता येते. तुमच्या पोरांनी 'यू' कधी पूर्ण कमवलाय?"

खरं तर कारखान्यात तिचा सगळा दिवस आखूड अक्षरांतच जायचा. प्रत्येक मूर्तीच्या पाठीवर खडूनं लिहिलेलं असायचं, 'रो. २ फू. सिं.', म्हणजे रोह्याची, दोन फुटी, सिंहासनावरची. हेच पूर्ण लिहायचं म्हटलं तर मूर्तीची पाठ पुरायची नाही. पण हे बाबांना सांगायची टाप कुणाची?

हे सगळं गमतीचं राहिलं असतं, पण सर लग्नाच्या बाबतीतही हाच नियम लावायचे. सुरभीची दोन स्थळं त्यांनी याच्यावर मोडली. पहिल्यानं 'थँक्स' तीन अक्षरांत उरकलं. दुसऱ्याला सरांनी चार ओळींचं सुरेख इंग्रजी लिहिलं, तर त्याचं उत्तर आलं, नुसतं 'के'. सर दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होते. "ओके हेच मुळात दोन अक्षरांचं," ते बायकोला म्हणाले. "त्यातलंही एक खाल्लं! हा माणूस उद्या संसारात काय काय खाईल?"

त्या दोन स्थळांचं सुरभीला काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं. कारण तोवर तिच्या आयुष्यात ऋत्विक भोईर येऊन बसला होता.

ऋत्विक रोह्याला वरसे गावात राहायचा आणि एका रंगाच्या कंपनीत शिफ्टला ऑपरेटर होता. दोन वर्षांपूर्वी कंपनीचा गणपती ठरवायला तो गुणाजीशेटकडे आला. ऑर्डर पक्की झाल्याचा मेसेज सुरभीनं पाठवला आणि शेवटी सवयीनं 'टी सी' लिहिलं, म्हणजे टेक केअर. पलीकडून लगेच उत्तर आलं, 'मॅडम, टी. सी. कशाला? मी पास काढूनच गाडीत बसतो.' सुरभी त्या दिवशी इतकी हसली, की तिला तीन मूर्ती दुसऱ्याकडे सोपवाव्या लागल्या. मग ती त्याला एकेक शिकवत गेली. बिचारा तोवर रोज सकाळी 'शुभ सकाळ' असं सगळंच्या सगळं लिहायचा. तिनं त्याला जी एमवर आणलं. पहिली शिफ्ट सुरू होण्याआधी, पावणेसातला, हातमोजे चढवायच्या आत तो तिला 'जी एम' पाठवायचा, आणि तिचा 'जी एम' आल्याशिवाय आत जायचा नाही. दोन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता.

या गणपतीआधी सुरभीच्या आईनं, मालूनं, एका चुलतभावाला मध्ये घालून हे स्थळ सरांपुढे आणलं. मालूला सगळं माहीत होतं, सरांना काही माहीत नव्हतं. "पोरगा कंपनीत पर्मनंट हाय," एवढंच त्यांना सांगितलं गेलं. सुरभीनं ऋत्विकला बजावलं होतं, की बाबांना मेसेज करशील तर एक अक्षर गाळू नकोस, नाहीतर आपलं काही खरं नाही. ऋत्विकनं तीन दिवस खपून इंग्रजीत मजकूर तयार केला. 'आदरणीय सर, रविवारी आपण सहकुटुंब आमच्या घरी आलात तर आम्हाला फार आनंद होईल.' खाली नाव, गाव, सगळं. त्यानं तो सुपरवायझरकडून तपासून घेतला आणि सोमवारी सकाळी पावणेसातला पाठवला.

पाठवताना वेळच तशी होती, त्याला बोट तरी काय करणार? सगळं बिनचूक लिहून झाल्यावर, नावाच्या खाली, त्याच्या बोटानं आपणहून 'जी एम' लिहून टाकलं.

सरांनी चष्मा लावून मेसेज वाचला. 'यू' पूर्ण, 'आर' पूर्ण, स्वल्पविराम जिथल्या तिथे. नाव, गाव आणि त्याखाली हुद्दा. त्यांचा ऊर भरून आला. जनरल मॅनेजर, आणि स्वतःच्या तोंडानं सांगितलंही नाही, नावाखाली हळूच दोन अक्षरं टाकली! हुद्दा आखूड लिहायला सरांची हरकत नव्हती, तोही कमवावाच लागतो. चहा निवायच्या आत ते फोन घेऊन बाहेर पडले.

सुरभीनं कारखान्याच्या मागं जाऊन ऋत्विकला फोन लावला. "अभिनंदन, जी. एम. साहेब," ती म्हणाली.

सगळं ऐकून तोही आधी खदाखदा हसला. मग एकदम थांबला. "अगं, पण हे वाईट झालं ना? मी आत्ताच सरांना सांगतो, मी ऑपरेटर आहे."

"सांग. मग ते विचारतील, जी एम म्हणजे काय?"

"गुड मॉर्निंग."

"म्हणजे शॉर्टफॉर्म."

जी. एम.चा अर्थ जनरल मॅनेजर धरला तर ऋत्विक खोटा ठरत होता, आणि गुड मॉर्निंग धरला तर नापास होत होता. दोन्ही वाटा सुरभीचं लग्न मोडण्याकडे जात होत्या. आणि तरीही, खोटं कशाला बोला, तिला मधूनमधून हसूच येत होतं. मंगळवार ते शनिवार गुणाजीशेटनी तिला डोळ्यांना हात लावू दिला नाही. सोंडेवरची फुलं रंगवायला बसवली.

घरी तर विचारू नका. सर रोज नवीन काहीतरी काढायचे. जनरल मॅनेजरसमोर बसायचं म्हणून त्यांनी कपाटातला कोट बाहेर काढला. अठ्ठावीस वर्षांचा पोरगा एवढ्या वर कसा चढला असेल, असं शेजारच्या प्रविणनं विचारलं, तर सर म्हणाले, "ज्याचं इंग्रजी शुद्ध, त्याला जिना लागत नाही. तो सरळ वर जातो." आईला खरं काय ते सुरभीनं सांगितलं. मालूनं तोंडात पदर कोंबला आणि मोरीत जाऊन हसून आली. बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "रविवार येऊ दे गो. बगू."

रविवारी प्रविणच्या गाडीतून तिघं निघाले. सर पुढे कोटात, मागे मालू मांडीवर पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन आणि तिच्या शेजारी सुरभी, देवाचं नाव घेत. वाटेत प्रविणनं दोनदा जी. एम. साहेबांच्या बंगल्याबद्दल विचारलं. वरश्याला गाडी थांबली ती साध्या, स्वच्छ, कौलं जाऊन नुकताच स्लॅब पडलेल्या घरापुढे. दारात ऋत्विकची आई विमलबाई उभ्या होत्या. ऋत्विक इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झाला होता.

"बघा," सर हळूच मालूला म्हणाले, "मोठी माणसं साधी राहतात."

पोहे आले, चहा आला. सर कोटाचं बटण चाचपत म्हणाले, "तर जी. एम. साहेब, तुमच्या हाताखाली किती माणसं?"

विमलबाईंनी मुलाकडे बघितलं. "कोण जीयम? याला घरात बाळ्या बोलतात."

"सर," ऋत्विक म्हणाला, "माझ्या हाताखाली एक हेल्पर आहे. तो पण गुरुवारी सुटीवर असतो."

सुरभीनं पोह्याचा घास तोंडात घालून ओठ घट्ट मिटले, कारण हसू बाहेर यायला तीच एक जागा होती.

"विनय!" सर खूष होऊन म्हणाले. "विनय म्हणतात तो हा."

"नाही सर," ऋत्विक उठून उभा राहिला. वर्गात पोरं उभी राहतात तसा, हात बाजूला सोडून. "मी ऑपरेटर आहे. शिफ्टला. जी एम म्हणजे गुड मॉर्निंग. मी तुम्हाला गुड मॉर्निंग केलं होतं."

बाहेर गाडीत बसलेल्या प्रविणचं गाणं घरात ऐकू येत होतं. सरांनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक अक्षर पुसलं जात होतं. आधी जनरल गेलं, मग मॅनेजर.

"ऑपरेटर असणं हा मुद्दाच नाही," ते शेवटी म्हणाले. "काम कुठलंही चांगलंच. पण गुड मॉर्निंग. इंग्रजीत अकरा अक्षरं. तुम्ही समोरच्याची सकाळ चांगली जावो म्हणताय, आणि त्यासाठी तुमच्याकडे अकरा अक्षरं नाहीत? दोन अक्षरांत कुणाचं भलं चिंतता येतं का?"

"येतं सर," ऋत्विक म्हणाला. तो घाबरला होता, पण बोलला. "दोन वर्षं रोज येतंय मला."

"आणि हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

ऋत्विकनं समोरच्या भिंतीवर नजर लावली. त्यानं सुरभीकडे बघितलंसुद्धा नाही. ते न बघणं सुरभीला इतकं आवडलं, की तिची भीती कुठच्या कुठे पळाली. ती उभी राहिली. "मी शिकवलं, बाबा," ती म्हणाली. "तो शुभ सकाळ लिहायचा. जी एम मी लावलं. टी सी पण मीच. नापास करायचं तर मला करा." आणि एवढं शूरपणे बोलून झाल्यावर, नको त्या वेळी, तिला खुदकन हसू फुटलं. ते दाबायला गेली तर ठसकाच लागला. ऋत्विक पाणी आणायला धावला.

सरांनी हातरुमालानं कपाळ पुसलं. चौतीस वर्षं सगळ्या पेणला शिकवलं, आणि घरातच ही विद्यार्थिनी निघाली. "चला," ते मालूला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच वाईट होतं. बाबांचा चढलेला आवाज उतरतो, हे तिला माहीत होतं. हा असा सपाट आवाज तिनं दोन स्थळं मोडताना ऐकला होता. "सगळ्या रामवाडीला जी. एम. सांगून बसलोय. आता काय सांगू तिथं?"

मालू जागची उठली नाही. "सांगा," ती म्हणाली, "की वाचाया चुकले."

"मी? वाचायला?"

"व्हय. त्यात काय लाजायचं? मी पण चुकले व्हते. तुमचंच वाचाया."

मालू सहसा चारचौघांत बोलायची नाही. वडखळच्या पलीकडे खाडीकाठी मिठागरावर वाढलेली, सातवीपर्यंत शिकलेली. एम. ए. झालेल्या नवऱ्यासमोर तिनं बोलणं नेहमी जपूनच केलं होतं. ती आज पापडाची पिशवी मांडीवर धरून बोलायला लागली आणि सर अर्धवट उठलेले तसेच राहिले.

"लग्न ठरल्यावर तुमी बी. एड.ला व्हतात. पत्रं धाडायचात. पत्र मराठी, नि खाली सही इंग्रजी. सहीच्या वर काय लिवायचात, हाय का ध्यानात?"

सरांच्या ध्यानात नव्हतं.

"वाय, आर, यस. नि टिंब." मालूनं हवेत बोटानं टिंब दिलं. "आमच्या धाकट्या गणेशला दाखवलं, तो नववीला व्हता. त्यानं डिक्शनरी काढली. बोलला, वाय आर यस म्हणजे वर्षं. किती ते लिवलं नाय, पण वर्षं. प्रत्येक पत्रात तेच. मग मी काय समजायचं? माणूस सांगतोय, लग्नाला अजून वर्षं लागतील."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, ते युअर्स! युअर्स आहे ते! तुझा! तुझा, असा अर्थ होतो त्याचा!"

शेवटचा 'तुझा' इतक्या जोरात गेला, की बाहेर प्रविणनं गाणं बंद केलं. सर कानापर्यंत लाल झाले. छत्तीस वर्षांच्या संसारात हा शब्द त्यांनी मराठीत कधी उच्चारला नव्हता. उच्चारला तो वरश्यात, परक्या घरी, पोह्यांच्या बशा मध्ये ठेवून. विमलबाईंनी तोंडावर पदर घेतला आणि ऋत्विक तांब्याभांडं हातात घेऊन दारातच थबकला.

"मग पुरं लिवायचं ना," मालू म्हणाली. "तुमाला काय घाई व्हती?"

"म्हणून तू मला उलट लिहिलंस..." सर खुर्चीत बसले. आता कुठे त्यांना उलगडत होतं. "तू लिहिलंस, 'काही घाई नाही, सावकाश या.' मी घाबरून गेलो होतो! मला वाटलं, हिचं मन नाही. परीक्षा झाली त्या दिवशी सामान तसंच टाकून आलो आणि आमच्या काकांना म्हटलं, या महिन्यातली तारीख धरा."

"आनि मला वाटलं, माझ्यासाठी वर्षं कमी केलीत."

"मला विचारायचं नाहीस?"

"काय विचारू? इंग्रजी तुमचं. चुकले असते तर हसला असतात."

सरांनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला. सुरभीला वाटलं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं. आणि लगेच वाटलं, छे, नसतो तर केवढं हुकलं असतं.

"आनि मधे एक गंमत झाली," मालू म्हणाली. आता तीही थांबायला तयार नव्हती. "माझा बा बोलला, एवढी वर्षं पोर घरात कशी ठेवू? त्यानं मिठागरावरचा एक पोरगा आणला बघाया. चांगला व्हता. उंच व्हता."

"उंच?" सर पुढे सरकले. "मग? तू काय म्हणालीस?"

तेवढ्यात विमलबाईंनी घसा खाकरला. त्यांना वाटलं, हीच वेळ बरी आहे. "सर, ते समदं खरं, पण आमच्या बाळ्याचं काय समजायचं? पोरगी पसंत हाय आमाला. पुढची बोलणी करायची का?"

"कुणाचं?" सरांनी मान वळवली नाही. "हो हो, करा ना, करा. दिवाळीनंतरची तारीख बघा. हं, मग, मालू? काय म्हणालीस तू?"

सुरभी दोन वर्षं ज्या होकाराची वाट बघत होती, तो असा आला. कुणी तिच्याकडे बघितलं नाही, कुणी पेढा काढला नाही. प्रविणला गाडी पुढे घ्यायला सांगावं तशा आवाजात तिचं लग्न ठरून गेलं. तिनं ऋत्विककडे बघितलं. त्यानं हातातलं पाणी तिच्याऐवजी स्वतःच पिऊन टाकलं होतं. तिला रागवावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, आणि डोळे पुसावे लागले. पण आवाज तिनं केला नाही, कारण तिलाही आई काय म्हणाली होती ते ऐकायचं होतं.

मालू पापडाच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि परत बांधत होती. पन्नाशी ओलांडलेली बाई सतरा वर्षांच्या पोरीसारखी लाजली होती.

"सांग ना," सर म्हणाले.

"बोलले," मालू म्हणाली, "वर्षं तर वर्षं. मी थांबते."